गयामावशीची गोळ्यांची पिशवी

गयामावशीनं माझ्या आईला शेवटचं सव्वा वर्ष सांभाळलं. पोटच्या पोरानं करायचं ते तिनं केलं, आणि ते पोरगं म्हणजे मी, तेव्हा कच्छात लाकडाच्या वखारीवर ट्रक मोजत होतो. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. कारण पुढं जे सांगायचंय ते मधूनच कुणी वाचलं तर गयामावशीबद्दल भलतंच मत होईल, आणि तसं मत झालेली माणसं आमच्या तीर्थपुरीत आधीच पुष्कळ आहेत.

मी आठवी अर्धी सोडलेला माणूस. लिहायची सवय म्हणजे वखारीतल्या पावत्या. पुढचं मागं, मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

गयामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. नात्यातलीही नव्हे. तिची माणसं मेंढरंवाली, केदारखेड्याकडची. नवरा वारल्यावर ती तीर्थपुरीत आली आणि शफीकभाईंच्या मेडिकलच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसली. पोती शिवायची, बाजाराच्या पिशव्या शिवायची, गोधड्या शिवायची. उंच, काटक, कपाळावर मोठं गोंदण. सुया ठेवायला डबी नव्हती, अंबाड्यात खोचायची. दोरा तोडायला कात्री कधी घेतली नाही, दातानंच. दुपारी दोनला मशीन थांबवून तपकिरीची एक चिमूट ओढायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडं बघत बसायची. लोकांना वाटायचं बाई आराम करून राह्यली. ती आराम करत नसायची. कोण कुठं अडखळतं ते बघत असायची.

कुणी म्हटलं, मावशी अशी-अशी पिशवी शिवून दे, तर ती लगेच माप घ्यायची नाही. म्हणायची, "पिशवी राहू दे. अडतंय कुठं ते दाव." मग त्या बाईनं उठून, वाकून, चालून दाखवायचं. कापूस वेचणाऱ्या बायांचं तिनं असंच बघितलं. वेचलेला कापूस बाया कमरेच्या ओटीत भरतात. ओटी भरली की गाठ सोडा, गठुड्यात रिकामी करा, परत बांधा. दिवसातून वीस वेळा. मावशीनं ओटीला खालून तोंड ठेवलं आणि त्यात नाडी ओवली. गठुड्यावर उभं राहायचं, नाडी ओढायची, कापूस खाली. गाठ सोडायचं कामच नाही. दोन हंगामांत आजूबाजूच्या चार गावांत तीच ओटी दिसायला लागली. दुसऱ्या शिंप्यांनी नक्कल केली तर मावशीला राग आला नाही. म्हणाली, माझ्या एका मशीनवर किती बायांची कंबर वाचणार व्हती?

सगळंच जमायचं असं नाही. एकदा तिनं वेचणीच्या बायांसाठी पाठीला बांधायची छत्री काढली. दोन पट्टे खांद्यावरून, दांडा मणक्याला. पहिली छत्री माझ्या आईनं घातली, कारण आई, म्हणजे तिची वच्छी, तिची मैत्रीण आणि नाही म्हणणं आईला कधी जमलं नाही. दहा वाजेपर्यंत छान सावली. अकराला वारं सुटलं आणि आई कापसात मागंमागं जायला लागली. शेवटी बूड टेकून बसली आणि ओरडून सांगायला लागली की कुणीतरी मला सोडवा, मी घनसावंगीला चालले. हे आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिला हसण्यानं बोलता येईना. मावशी मागून म्हणत होती, "हस, हस. वारं माझ्या ध्यानात आलंच न्हाई." त्या छत्रीचं कापड तिनं उसवून दुसऱ्या कामाला घेतलं. चुकलेली वस्तू ती कधी लपवायची नाही. मशीनच्या वर खिळ्याला टांगून ठेवायची, आठवडाभर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मग उसवायची.

बाजाराच्या दिवशी तिचं आणखी एक काम. लेकुरवाळ्या बाया खेड्यांवरून येतात, कडेवर पोर घेऊन भाव करतात, दोन्ही हात अडकलेले. मावशीनं मेडिकलशेजारच्या लिंबाला चार झोळ्या बांधल्या. बाजार होईस्तोवर लेकरं तिथं ठेवायची. लेकराच्या मनगटाला एक रंगाचा दोरा, आईच्या मनगटाला त्याच रंगाचा. एकदा हिरवा दोरा दोन लेकरांना बांधला गेला आणि न्यायला आल्या दोघींच्या सासवा. एक म्हातारी हिरवा दोरा बघून दुसरीचंच लेकरू घेऊन जीपपर्यंत गेली. मावशी मशीन सोडून पळाली. लेकरू परत आणलं, दोन्ही म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि पुढच्या बाजारापासून दोऱ्याला गाठीही मारायला लागली. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. म्हणाली, माझा बाप असाच मेंढरं ओळखायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कानाचा काप बघून दुसऱ्याचं मेंढरू कळपात शिरलेलं त्याला लांबूनच कळायचं.

गोळ्यांची पिशवी त्यातूनच निघाली.

मेडिकलच्या ओट्यावर बसून तिनं बघितलं होतं की म्हातारी माणसं दुकानातून बाहेर येतात, पायरीवर थांबतात आणि हातातल्या पाकिटाकडं बघत राहतात. आत शफीकभाईंनी बराबर सांगितलेलं असतं. पायरी उतरेपर्यंत विसरलेलं असतं. माझी आईही त्यातलीच. तिला बीपीच्या दोन गोळ्या होत्या, एक सकाळची, एक रात्रीची. दिवाळीच्या आसपास ती दोन्ही उलट्या-सुलट्या घेऊन चक्कर येऊन पडली. मी इथं घाबरून गेलो. मी तिला म्हणायचो इकडं चल, ती म्हणायची तिकडं माझ्याशी बोलणार कोण. मी रोज फोन करून गोळीचं विचारायचो, ती म्हणायची घेतली, आणि कुठली घेतली ते तिलाही माहीत नसायचं.

मावशीनं आईला समोर बसवलं आणि नेहमीसारखं विचारलं. मग खाकी कापडाची एक लांब पट्टी घेतली, तिला खिसे शिवले. एका खिशावर पिवळ्या दोऱ्यानं उगवता सूर्य काढला. दुसऱ्यावर चांदणीसकट चंद्र. जेवल्यावर घ्यायची गोळी असेल तर खिशाच्या वर पांढऱ्या दोऱ्यानं गोल भाकरी. म्हणजे आधी भाकरी, मग गोळी. उपाशीपोटी घ्यायची असेल तर भाकरी खिशाच्या खाली. आईच्या दोन्ही गोळ्या जेवल्यावरच्या. शफीकभाई गोळ्यांची पाकिटं ज्या-त्या खिशात घालून द्यायचे. नाव पिशवी, पण सगळे तिला पट्टीच म्हणायचे. ती दाराच्या मागं टांगायची. आईनं मला फोनवर सगळी पट्टी वाचून दाखवली, सूर्यापासून चंद्रापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला काहीतरी वाचून दाखवलं. त्या दिवसापासून मी रात्री झोपायला लागलो.

वर्षभरात तीर्थपुरीत आणि भोवतालच्या वस्त्यांवर कितीतरी घरांत ती पट्टी गेली. मावशी प्रत्येकाला एकच ताकीद द्यायची. "शंका आली तर गोळी हातात धरून माझ्याकडं यायचं. मी नसले तर शफीकभाईला विचारायचं. बाकी कुणाला बिलकुल न्हाई."

मग नवरात्र आलं.

आई नऊ दिवस उपास धरायची. लग्नाच्या आधीपासून. घट बसले की धान्य बंद. भगर, शेंगदाणे, केळं, एवढ्यावर. मावशी त्या वेळी तीर्थपुरीत नव्हती. तीही घटासाठी भावाकडं केदारखेड्याला गेलेली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. माझ्यासमोर वजनकाट्यावर ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न मारून राह्यला होता. आई म्हणाली, दत्ता, भाकरी तर नऊ दिवस खायची न्हाई. मंग भाकरीखालची गोळी घ्यावी का न्हाई?

मी म्हणालो, "मावशीनं काढलंय तसंच कर. तिचं चुकत न्हाई."

एवढंच बोललो. ट्रक सोडला.

आईनं तसंच केलं. भाकरी नाही म्हणून गोळी नाही. सकाळची नाही, रात्रीची नाही. तिच्या लेखी ती नियम पाळत होती, देवीचाही आणि पट्टीचाही.

आठव्या माळेला मावशी परत आली आणि सवयीनं आधी आईकडं गेली. आई घटासमोर कलंडलेली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. दाराच्या मागं पट्टी, पट्टीत गोळ्या भरलेल्या. मावशीनं काय झालं ते त्या पट्टीवरूनच ओळखलं. शफीकभाईंनी जीप आणली. आईचं डोकं मांडीवर घेऊन मावशी जालन्याच्या दवाखान्यात गेली आणि मी पोचेपर्यंत तिसऱ्या दिवशीही त्याच लुगड्यात होती.

मी पोचलो तेव्हा वऱ्हांड्यात नारायणमामा उभे होते. माझ्या आईचे धाकटे भाऊ. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. आवाजही मोठा. सोबत गावातली आणखी सात-आठ माणसं होती. मामांच्या हातात ती पट्टी होती.

"हे चित्र कुणी काढलं?" मामा म्हणाले.

"मी," मावशी म्हणाली.

"उपासाला माणूस भाकरी खातं का? मेंढरं राखणाऱ्या बाईला डॉक्टरकी सुचली. माझ्या बहिणीला खाल्लं तुझ्या भाकरीनं."

मावशी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बराबर हाय नारायणराव. उपास माझ्या ध्यानात आला न्हाई."

मी तिथंच होतो. माझ्या खिशात फोन होता, त्यात आईचा त्या दिवशीचा कॉल होता, माझ्या तोंडात बोललेलं वाक्य होतं. मामांकडं बघितलं आणि तोंड उघडलं नाही. त्यापुढं मी एवढंच लिहितो, कारण हे मावशीबद्दलचं लिखाण आहे.

आईला घरी आणलं. पंधरा दिवसांनी मला परत जावं लागलं, नाहीतर वखारीवर दुसरा माणूस ठेवणार होते. बायको-पोरं तिकडंच होती. मामा रोज येऊन बसायचे, पण आईला उचलणं, पुसणं, भरवणं मावशीनं घेतलं. आई एका हातानं जेवायची तेव्हा ताटातला घास पुढं सरकत जायचा, हाताला यायचा नाही. मावशीनं सायकलची जुनी ट्यूब कापून ताटाच्या कडेला बसवली, तिला टेकला की घास थांबायचा. खाटेच्या पायाला सुंभाची दोरी बांधली, दोरीला वीतवीतभर अंतरावर गाठी. आई डाव्या हातानं गाठ-गाठ धरत उठून बसायला शिकली. मामांनी एकदा ते बघितलं. तरी मावशीनं केलेला चहा घेतला नाही.

सगळ्यात मोठी अडचण बोलण्याची. आईचे शब्द तोंडातच घोळायचे. तिला काय हवं ते कळायचं नाही आणि मग ती रडायची. मावशीनं तिच्यासाठी गोधडी शिवली. गोधडीवर डाव्या हाताला पुरतील असे वेगवेगळे तुकडे. निळा मऊ तुकडा पाण्याचा. पोत्याचा खरखरीत तुकडा, म्हणजे दुखतंय. छत्रीच्या कापडाचा गुळगुळीत तुकडा, म्हणजे कूस बदला. आईनं ज्यावर हात ठेवला ते करायचं. आणि एक पांढरा तुकडा माझ्या शाळेच्या सदऱ्याचा. आठवीत शाळा सुटली तेव्हा तो सदरा नवाच होता, आईनं पेटीत ठेवला होता.

मला वखारीवर कुठल्याही वेळी मावशीचा फोन यायचा. म्हणायची, "दत्ता, तुझ्या तुकड्यावर हात ठिवलाय." मग ती फोन आईच्या कानाला लावायची. मी काहीबाही बोलायचो, ऊन किती आहे, पोरगी काय म्हणते. पलीकडून फक्त श्वास यायचा. काही वेळा दिवसातून तीनदा. मावशी कधी म्हणाली नाही की आत्ताच तर झाला होता.

त्याच दिवसांत गावात पट्ट्या परत यायला लागल्या. मामांनी दवाखान्यात जे म्हटलं ते पारावरही म्हटलं होतं. कुणी मशीनवर टाकून गेलं, कुणी पोराच्या हाती पाठवली. मावशीनं एक पट्टी खिळ्याला टांगली, जशी छत्री टांगली होती. विचारणाऱ्याला स्वतः सांगायची की यात अशी चूक होती, माझी वच्छी यानं पडली. मग ती घरोघर हिंडली. ज्यांनी पट्टी परत केली नव्हती त्यांच्याकडं जाऊन प्रत्येकाला विचारलं, तू कोणकोणत्या दिवशी काय खात न्हाईस. एकादशी, चतुर्थी, सोमवार. शफीकभाईंना रोज्याचं विचारलं, ते म्हणाले त्याचं डॉक्टरलाच विचारावं लागंल, तसा तिनं रोजेवाल्यांच्या पट्टीला वेगळा हिरवा टाका घातला, म्हणजे महिना लागायच्या आधी दवाखान्यात जायचं. आणि भाकरी उसवून तिथं हात काढला. तोंडाकडं जाणारा हात. भगर असो, केळं असो, पोटात घास गेला की गोळी. मला फोनवर म्हणाली, "एवढं सोपं व्हतं बघ. मला आधी दिसलं न्हाई."

नव्या पट्ट्या कुणी घेतल्या नाहीत. शफीकभाई सांगायचे, माणसं परत पायरीवर थांबून पाकिटाकडं बघून राह्यली. एक म्हातारा सकाळची गोळी रात्री घेऊन बाजेवरून पडला. मावशीला स्वतःच्या नावापेक्षा त्याचंच जास्त लागलं होतं.

माघात आई गेली.

दहाव्याच्या दिवशी क्रियाकर्म झालं, माणसं पांगली. मावशी मागल्या दारी भांडी घासत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मला सांगायचं होतं. जमेना. तिनंच वर न बघता सांगितलं.

"तू फोनवर काय म्हणलास ते वच्छीनं मला सांगितलंय. लई दिवस झाले. एक-एक शब्द जुळवीत सांगितलं तिनं."

मी खाली बसलो.

"रडू नको. तिनं मला कशाला सांगितलं माहितीये? म्हणली, मी गेल्यावर दत्ता मनाला लावून घिईल, त्याला सांग चित्र तुझं व्हतं. मंग ऐक. चित्र माझं व्हतं."

मी म्हणालो, मावशी, मी आत्ता मामांना सांगतो. ती म्हणाली, "आज न्हाई. आज तिचा दिवस हाय. आज भांडण नको." आणि तांब्या विसळायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. मामा मला सोडायला स्टँडवर आले होते, सामान वर ठेवून दिलं, खांद्यावर हात ठेवला. मावशीनं फक्त 'आज न्हाई' म्हटलं होतं, आणि तो आज संपला होता. तेव्हाही मी बोललो नाही.

एस.टी. बाजाराच्या रस्त्यानं निघाली आणि समोर बैलगाडी आडवी आली म्हणून मेडिकलसमोर थांबली. मावशी मशीनवर होती. परत आलेल्या पट्ट्यांचा ढीग शेजारी. एक पट्टी मांडीवर ताणून ती ब्लेडनं भाकरी उसवत होती. एक टाका, मग दुसरा, मग दोरा ओढून काढायचा. कापड फाटू नये म्हणून फार हळू. एक म्हातारी मेडिकलमधून बाहेर आली, पायरीवर थांबली, हातातलं पाकीट उलटं-सुलटं करून बघायला लागली. मावशीनं मान वर केली. विचारायला तोंड उघडलं. म्हातारी तिला बघून पायरी उतरून निघून गेली. मावशी तिच्या पाठीकडं बघत राहिली. मग तिला खिडकीत मी दिसलो. तिनं ब्लेड धरलेला हात उचलून मला जा-जा केलं, जल्दी जा, गाडी चुकंल, असं. जणू मी खाली उतरलो होतो. गाडी हलली.

परवा शफीकभाईंचा फोन आला होता. म्हणाले, मावशी मशीनला गिऱ्हाईक शोधून राह्यली, भावाकडं जायचं म्हणते.

मला मोठं काही देता येणार नाही. पण येत्या नवरात्राची रजा मी आजच सांगून ठेवली आहे, नऊच्या नऊ दिवसांची. नोकरी राहील की नाही माहीत नाही. मामांच्या दारात जाऊन पहिलं त्यांना सांगीन की आईनं विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं. मग बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या ओट्यावर मावशीच्या शेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगीन, आणि हात काढलेल्या पट्ट्या घरोघर मी घेऊन जाईन. कुणी ऐकलं नाही तर पुढच्या वर्षी परत येईन.

मावशी, तोवर मशीन विकू नको.